म्होरं सरका

राधानगरीहून दाजीपूरकडं जाताना धरणाच्या पाण्याच्या कडेनं रस्ता चढत जातो. त्या बाजूच्या एका वाडीत भाताची कापणी उरकली की सोंगी भजन होतं. मागच्या खेपेला मी गेलो, तेव्हा देवळापुढच्या पटांगणात माणसं पांगून बसली होती. कुणी मोटारसायकलला टेकलेलं, कुणी मोबाइलमध्ये, कुणी लांबच्या कट्ट्यावर. दहा वाजले आणि नियमाप्रमाणं माइक बंद करायची वेळ आली. पेटीवरचे बुवा उठले, तोंडाशी दोन्ही हात धरले आणि ओरडले, “आता माइक न्हाई! ऐकायचं आसंल त्यानं देवळात चला. म्होरं सरका!”

निम्मी माणसं घरी गेली. उरलेली पन्नास-साठ जणं सतरंज्या, पोती उचलून सभामंडपात आली आणि मृदंगाला गुडघा लागेल इतकी जवळ बसली. दारं ओढून घेतली. त्यानंतर दोन तास जे भजन झालं, ते आधीच्या तासाभरातलं भजनच नव्हे. गडी तेच, पेटी तीच, पदंही त्याच वहीतली. पण बाहेर सोंगाड्या माइकसाठी बोलत होता, आत तो माणसांशी बोलायला लागला. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं मध्येच त्याला उलटा सवाल केला, त्यानं तिथल्या तिथं जबाब दिला आणि मंडप हसून खाली बसला. घाम दिसत होता. मृदंगावरच्या पोराचा डावा हात दमला की लय किंचित ओढली जायची, आणि ते ओळखून टाळकरी जोर लावायचे. बाहेर बसून यातलं काहीच कळलं नसतं.

मला वाटतं, गावच्या जिवंत गाण्याचा सगळा प्रश्न या अंतराचा आहे. गाणारा आणि ऐकणारा किती जवळ आहेत, त्यांना एकमेकांना उत्तर देता येतं का, आणि आज ऐकणारा उद्या गाणाऱ्याच्या जागी बसू शकतो का. राधानगरीत वाढून हे मला आधी कळायला हवं होतं. ते कळलं मुंबईत, ऐन विशीत, रॉक ऐकताना.

धोबी तलावाला रंगभवन नावाचं उघडं नाट्यगृह आहे. फरहाद वाडिया यांनी १९८६ साली सुरू केलेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा कार्यक्रम तिथं भरायचा. नव्वदीच्या दशकात एका मित्रानं मला तिथं ओढत नेलं. इंग्रजी गाण्यातले चारदोन शब्द सोडले तर मला काही उमगत नव्हतं. पण एक गोष्ट त्या रात्री डोक्यात बसली ती आजवर निघालेली नाही. स्टेजवर गिटार बडवणारी पोरं माझ्याच वयाची, कॉलेजातली. त्यांचं वाजवून झालं की ती खाली उतरायची, घामेजल्या शर्टानं माझ्या शेजारी येऊन उभी राहायची आणि पुढच्या बँडला आरोळ्या द्यायची. कलाकारांसाठी वेगळं दार नव्हतं, वेगळा रस्ता नव्हता. जो गातो तोच ऐकतो, हे त्या गर्दीत कुणाला सांगावं लागत नव्हतं. आमच्याकडं टाळकरी याच रीतीनं वागतो, हे मला तेव्हा आठवलं. एका मंडळाचं भजन झालं की तो तिथंच बसून दुसऱ्या मंडळाचं ऐकतो, आणि गरज पडली तर त्यांच्याही टाळाला हात लावतो.

पुढं नोकरीच्या निमित्तानं मुंबईत राहिलो त्या वर्षांत पंक ऐकायला लागलो. मराठी वाचकाला पंक म्हटलं की रंगवलेले उभे केस आणि फाटकी जाकिटं आठवतात. तो पोशाख आहे. पंकचं मूळ म्हणणं फार साधं आहे: तुला नीट वाजवता येत नसलं तरी चालेल, पण तुला काही सांगायचं असेल तर उभा राहा, कुणाच्या परवानगीची वाट बघू नकोस. न्यूयॉर्कमध्ये १९७३ साली उघडलेल्या सीबीजीबी या अरुंद, कळकट जागेत आणि १९७६ साली लंडनमध्ये हे म्हणणं गाण्यात उतरलं. मुंबईतही ‘द लाइटइयर्स एक्सप्लोड’, ‘द रायट पेडलर्स’ अशी पोरं हे संगीत घेऊन उभी राहिली.

पंकच्या इतिहासातली एक तारीख मी नेहमी सांगतो. ४ जून १९७६. मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्टल्स या बँडचा कार्यक्रम झाला. पीट शेली आणि हॉवर्ड डिव्होटो या दोन तरुणांनी तो ठरवला होता. आले किती? चाळीसेक माणसं. बँड काही फार निपुण नव्हता. पण त्या चाळिसांतल्या कितीतरी जणांना वाटलं, हे यांना जमतं तर आपल्याला का जमू नये? पीटर हुकनं दुसऱ्या दिवशी बेस गिटार विकत घेतली आणि त्यातून पुढं ‘जॉय डिव्हिजन’ उभं राहिलं. मॉरिसी त्या रात्री तिथं होता. कार्यक्रम ठरवणारे दोघं ‘बझकॉक्स’चे. नंतरच्या वर्षांत मीही तिथं होतो असं सांगणारे हजारोंनी निघाले, म्हणजे त्या रात्रीची किंमत लोकांना उशिरा कळली. त्या रात्री गाणं किती चांगलं झालं, हा प्रश्न इथं गौण आहे. चाळीस माणसं घरातून निघून तिथं जाऊन उभी राहिली, यावर पुढचं सगळं ठरलं.

म्हणून मी म्हणतो, गावच्या गाण्याला ते चांगलं आहे म्हणून जायचं, हा हिशेब उलटा आहे. आपण गेल्यानं ते चांगलं होतं. श्रोता हा निम्मा कार्यक्रम असतो, आणि ही निम्मी जबाबदारी आपण टाकून दिली आहे.

लोक यावर एक रास्त प्रश्न विचारतात. हातातल्या मोबाइलवर भीमसेन जोशी ऐकायला मिळतात, जगातला सर्वोत्तम पखवाज ऐकायला मिळतो, मग वाडीतल्या बसक्या आवाजाच्या बुवांसाठी थंडीत रात्र का काढायची? मी हा प्रश्न हसण्यावारी नेत नाही. मोबाइलनं दिलेलं थोडं नाही. सोंगी भजनाच्या चित्रफिती बघून लांबलांबच्या गावांतून मंडळांना सुपाऱ्या येतात, हे मी पाहिलं आहे. पण भीमसेनांच्या ध्वनिमुद्रणाला माझी गरज नाही. मी ऐकलं काय, न ऐकलं काय, ते तसंच राहील. वाडीतल्या मृदंगावरच्या पोराला मात्र माझी गरज आहे. समोर शंभर माणसं बसली तर तो पुढच्या वर्षापर्यंत हात तयार करतो; दहा बसली तर पुण्याला कंपनीत लागतो आणि मृदंग माळ्यावर जातो.

माझा आतेभाऊ असाच घडला. सातवीत होता. भजनाला पहिल्या रांगेत बसायचा आणि घरी आला की गोडेतेलाच्या रिकाम्या डब्यावर तेच बोल काढायचा. आत्या वैतागायची. एका रात्री मंडळाचा वादक आजारी पडला आणि बुवांनी पहिल्या रांगेकडं बघून विचारलं, “कुणाला येतंय का रं?” हा उठला. त्या रात्री तो पाच ठिकाणी चुकला असेल. पण आज चाळीस वर्षांनी त्या मंडळाचा हात तोच आहे. मँचेस्टरमध्ये झालं ते आमच्या आळीत झालं, एवढंच. फरक असला तर असा की त्याला वाद्य विकत घ्यावं लागलं नाही. ते देवळात टांगलेलं होतं.

इथं कुणी मला थांबवेल. भजन ही भक्ती, पंक हे बंड; दोन्ही एका दावणीला कशी बांधता? खरं आहे. सोंगी भजनाची सुरुवात देवाच्या नावानं होते, मग गवळण, मग सोंगं. मिशी उतरवलेला गडी लुगडं नेसून येतो, मागून सावकार येतो, दारुडा येतो, हुंडा मागणारा वरबाप येतो. सोंगाड्या दुधाची फॅट कशी कमी लागते यावर बोलतो, रस्त्याच्या खड्ड्यांवर बोलतो, आणि लोकांना ते पटतं. पण हे बोलणं एका मर्यादेत राहतं. बाईची टिंगल चालते, पुढाऱ्याची मात्र जपून. जो वर्गणी देतो त्याच्यावर सोंग निघत नाही. मी सोंगी भजनाला बंड म्हणणार नाही.

पण बंडाची वाट मराठीत परक्या देशातून आली नाही. सत्यशोधकांचे जलसे आठवा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्याच्या पहिल्या तीन दशकांपर्यंत सातारा-कोल्हापूरच्या खेड्यांत हे जलसे फिरले. त्यांनी काय केलं? लोकांच्या अंगवळणी पडलेला तमाशा घेतला. गण, गवळण, वग हा सांगाडा तसाच ठेवला. आत भरलं ते वेगळंच: भटशाहीवर टीका, सावकारीवर टीका, शिक्षणाचा आग्रह. शिकलेले गवई नव्हते. शेतात राबणारी माणसं डफ-तुणतुणं घेऊन चावडीपुढं उभी राहायची आणि ज्यांच्यावर टीका करायची ते समोर बसलेले असायचे. पुढं हीच रीत आंबेडकरी जलशांनी उचलली. भीमराव कर्डक, वामनदादा कर्डक यांनी गावोगाव गाऊन एका समाजाला उभं केलं. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक काढलं. २००२ मध्ये पुण्यात कबीर कला मंच उभा राहिला. मुंबईत ‘धम्म विंग्स’ या बँडनं इलेक्ट्रिक गिटारीवर बुद्ध-आंबेडकर गायले. वाद्य बदललं, चाल बदलली, पण जुन्या रूपात नवा दारूगोळा भरायची रीत तीच राहिली. पंकची जन्मतारीख सांगायची तर माझ्या मते ती सत्यशोधक जलशाइतकी मागं न्यायला हरकत नाही. फक्त तेव्हा तिला कुणी हे नाव दिलं नव्हतं.

कोल्हापुरात सत्यशोधक समाज १९११ साली शाहू महाराजांच्या पाठबळानं सुरू झाला. ज्या महाराजांनी राधानगरीचं धरण बांधायला घेतलं आणि गावाला आपल्या लेकीचं नाव दिलं, त्यांच्याच राज्यात ही गाणी गायली गेली. त्यामुळं आमच्या तालुक्यातल्या सोंगी भजनात ती धार परत आणणं म्हणजे परकं कलम लावणं होणार नाही. सांगाडा शाबूत आहे. सोंगाड्यानं उसाच्या बिलावर बोलावं, जंगलाच्या हद्दीवरून होणाऱ्या भांडणावर बोलावं, धरणात जमीन गेलेल्यांवर बोलावं. समोर बसलेली माणसं त्याला साथ देतील, अट एवढीच की समोर माणसं बसलेली असावीत.

आता एक गोष्ट जी बोलल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही. हलगीची.

खासबागेतल्या कुस्तीला हलगी, घुमकं आणि कैताळाशिवाय रंग चढत नाही. १९१२ साली शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं ते मैदान खोलगट वाटीसारखं आहे. कुठंही बसा, लाल माती समोर दिसते. तिथं हलगी नुसती वाजत नाही, ती पैलवानाच्या डावावर भाष्य करते. ती वाजवण्याआधी गवताचा, पाचटाचा जाळ करून तिला शेक देतात. वादक ती जाळावर फिरवतो, बोटानं टिचकी मारतो, कान लावतो, पुन्हा फिरवतो. कातडं ताणलं की आवाज टणटणीत निघतो. पाच मिनिटांचं हे काम मी लहानपणापासून बघत आलो आहे आणि अजून त्यावरून नजर हटत नाही. गिटारवाला तारा जुळवतो तेव्हाही मला तो जाळच आठवतो.

पण ही हलगी बहुतेक ठिकाणी मातंग समाजाच्या हातात राहिली, आणि तिच्यामागं पिढ्यान् पिढ्यांचा अपमान आहे. माझ्या लहानपणी आमच्याकडं रात्रभर हलगी वाजवून यात्रा उभी करणाऱ्या माणसाला पंगतीत पान मांडलेलं मी पाहिलं नाही. त्याला लांब बसवून वाढत. ज्याच्या तालावर सगळं गाव नाचलं त्याला गावानं जवळ घेतलं नाही. मी अंतराबद्दल बोलतो आहे ते यासाठीही. गाणारा-ऐकणारा जवळ आले पाहिजेत असं म्हणायचं आणि वादकाचं ताट लांब ठेवायचं, हे चालणार नाही. आजही आमच्या मंडळांच्या याद्या बघा. कुठल्या आळीची पोरं टाळ धरतात, कुठल्या आळीची फक्त मिरवणुकीला बोलावली जातात, हे नावांवरूनच कळतं. इंग्लंडमधल्या पंकलाही हा प्रश्न सोडवावा लागला. तिथं काही कार्यक्रमांत वंशद्वेषी टोळकी घुसायला लागली. ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’च्या चळवळीत गाणारे उतरले आणि ३० एप्रिल १९७८ रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये प्रचंड जमाव जमवून आपण कुणाच्या बाजूचे आहोत ते जाहीर सांगितलं. आमच्या भजनी मंडळांनीही हे जाहीर सांगायची वेळ कधीच येऊन गेली आहे.

बायकांचंही तेच. सोंगी भजनात बाईचं सोंग पुरुष घेतो आणि खरी बाई भिंतीला टेकून कडेला बसते, अकरा वाजता उठून जाते, कारण पहाटे धारा काढायच्या असतात. नव्वदीच्या सुरुवातीला अमेरिकेत ‘बिकिनी किल’ या बँडची गायिका कॅथलीन हॅना कार्यक्रमात थेट सांगायची की मुलींनी पुढं यावं आणि पुरुषांनी मागं सरावं, कारण पुढच्या धक्काबुक्कीत मुलींना उभं राहता येत नव्हतं. आमच्या बुवांची “म्होरं सरका” ही हाक बायकांना ऐकू जाईल अशी दिली जात नाही. गावोगाव महिलांची भजनी मंडळं आहेत, त्यांना दुपारची वेळ देतात, एकादशीची दुपार. रात्रीचा पहिला तास त्यांना द्या. बघा कोण कोण ऐकायला थांबतं.

आणि मग डॉल्बी.

सांगली-कोल्हापूरकडं साउंडच्या भिंतींना सरसकट डॉल्बी म्हणतात. मिरवणुकीत ट्रॅक्टरवर रचलेली ती भिंत पुढं आली की घरांचे पत्रे थरथरतात, म्हाताऱ्यांच्या छातीत धडधडतं, गोठ्यात जनावरं दावं तोडतात. काही जण मला म्हणतात, तुझा पंकही मोठ्यानंच वाजतो, मग तक्रार कसली? रंगभवनातही कान बधिर झाले होते, हे मी नाकारत नाही. पण आवाजाच्या मागं कोण आहे ते बघा. पंक बँडच्या मोठ्या आवाजामागं चार माणसांचे हात आहेत. ते दमतात, चुकतात, थांबतात. हलगीवाल्याचं मनगट दुखतं म्हणून हलगीला एक माप आहे. डॉल्बीमागं एक कळ आहे. ती दमत नाही, चुकत नाही, कुणाला उत्तर देत नाही. समोर नाचणाऱ्या पोराला त्यातून एवढंच कळतं की आपण कळ दाबणाऱ्याचं गिऱ्हाईक आहोत. डॉल्बीच्या मिरवणुकीतून दुसऱ्या दिवशी घरी येऊन कुणी डब्यावर बोल काढत नाही.

कायदा मात्र दोन्हीला एकच मोजपट्टी लावतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. दहा ते सहा ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकारला वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. रुग्णालयं, शाळा, न्यायालयं यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. रंगभवनातला आवाजही या शांतता क्षेत्रानंच बंद झाला. हे नियम मला मान्य आहेत. आजाऱ्याची झोप माझ्या गाण्यापेक्षा मोठी आहे. पण सूट मिळालेले ते थोडे दिवस कुणाच्या वाट्याला जातात? गणपतीच्या मिरवणुकीतल्या भिंतींच्या. एका माइकवरच्या सोंगी भजनाला दहा वाजता गप्प बसावं लागतं. तालुक्यातल्या मंडळांनी एकत्र येऊन या दिवसांतले दोन दिवस हातानं वाजवल्या जाणाऱ्या वाद्यांसाठी मागावेत. आणि ते मिळेपर्यंत त्या वाडीनं केलं ते करावं: दहाला माइक काढा, देवळात या, दार लावा. सोंगी भजन मुळात गॅसबत्तीच्या उजेडात, माइकशिवाय वाढलेलं आहे. त्याला भिंत कधी लागलीच नव्हती.

पैशाबद्दलही स्पष्ट बोलू. निवडणुकीच्या आधी गावोगाव फुकट ऑर्केस्ट्रा येतात. फ्लेक्सवर पुढाऱ्याचा चेहरा, खाली कार्यक्रमाचं नाव बारीक अक्षरात. पाच हजार माणूस जमतो. पुढच्या महिन्यात त्याच गावात भजनासाठी घरटी पट्टी गोळा करायला गेलं की लोक तोंड फिरवतात. फुकटाची सवय ही कलेला लागलेली कीड आहे. अमेरिकेतल्या ‘फुगाझी’ या बँडनं वर्षानुवर्षं तिकीट पाच डॉलरच्या आसपास ठेवलं आणि कुठल्याही वयाच्या माणसाला आत घ्यायची अट घातली. तिकीट फुकट नाही आणि महागही नाही, हे त्यांचं धोरण मला फार पटतं. सोंगी भजनाला तिकीट नको, पण दाराशी एक डबा असावा आणि ऐकून परत जाणाऱ्यानं त्यात वीस रुपये टाकावेत. एक्कावन्न रुपये देऊन माइकवरून नाव पुकारून घेण्यापेक्षा हे चांगलं. नाव पुकारायला लागलं की गाणं तुटतं, आणि ज्याचं नाव मोठं त्याच्यावरचं सोंग आपोआप मागं पडतं.

वयाची अट ही लहान गोष्ट वाटेल, पण मुंबईत याच अटीनं मला सर्वांत जास्त त्रास दिला. तिथले वेगळ्या वळणाचे बहुतेक कार्यक्रम आता बारमध्ये होतात. महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१, कडक दारूसाठी २५. म्हणजे ज्या वयात गाणं माणसाला धरतं, त्या पंधरा-सोळाव्या वर्षी दार बंद. १९८० च्या सुमारास वॉशिंग्टनच्या पंक पोरांमध्ये यावर एक तोड रुळली: अल्पवयीन मुलांनी हाताच्या पाठीवर काळ्या मार्करनं मोठी फुली मारायची, म्हणजे बारवाला त्यांना दारू देणार नाही, पण गाणं ऐकू देईल. पुढं ती फुलीच त्यांची खूण झाली. आमच्याकडं या बाबतीत श्रीमंती आहे. भजनाला पहिली रांग पोरांची असते. अकरा वाजेपर्यंत डोळे ताणून बघतात, मग तिथंच एकमेकांच्या अंगावर झोपतात आणि झोपेतही मृदंग त्यांच्या कानात जात राहतो. मुंबईतल्या माझ्या मित्रांना हे सांगितलं तर त्यांना हेवा वाटतो. आणि आम्ही ही रांग हातातल्या मोबाइलनं रिकामी करतो आहोत.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभारलेली ती वास्तू केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी आगीत गेली. माणसं रस्त्यावर उभी राहून रडली. मलाही रडू आलं. शहराच्या त्या दुःखात काही खोटं नव्हतं. पण मनात आलं ते असं, की आमच्या तालुक्यातलं नाट्यगृह जळत नाही, कारण त्याला इमारतच नाही. देवळापुढचं पटांगण, सभामंडप, एक पेटी, एक मृदंग, दहा टाळ. ते संपतं तेव्हा धूर निघत नाही, बातमी येत नाही. एका वर्षी बुवा आजारी असतात, एका वर्षी पट्टी जमत नाही, एका वर्षी आमच्यातलं कुणी जात नाही. मग कधीतरी कुणीतरी विचारतं, भजन बंद पडून किती वर्षं झाली?

भजन टिकवायचा उपाय म्हणून बरेच जण स्पर्धांकडं बोट दाखवतात. जिल्ह्यात सोंगी भजनाच्या स्पर्धा होतात, बक्षिसं असतात, मंडळं हिरिरीनं तयारी करतात. स्पर्धा असाव्यात. पण तिथं वेळ मोजलेला, परीक्षक समोर, आणि सोंगाड्या परीक्षकांकडं बघून बोलतो. म्हाताऱ्याचा उलटा सवाल तिथं कुणी विचारत नाही. फोंडा घाट उतरून सिंधुदुर्गात गेलात तर डबलबारी ऐका. दोन बुवा समोरासमोर बसून एकमेकांना पदांतून सवाल टाकतात, आणि उत्तर बरं की वाईट हे लोक जागच्या जागी आरोळीनं ठरवतात. असा परीक्षक मला पटतो. आपल्या घाटमाथ्यावरही तोच आहे. तो फक्त घरी बसला आहे.

तेव्हा तालुक्यातल्या, आणि तालुका सोडून कोल्हापूर-पुणे-मुंबईला गेलेल्या सगळ्यांना माझं सांगणं आहे. तुमच्या गावात यंदा सोंगी भजन, जलसा किंवा नुसतं एकतारीचं भजन असलं तर त्या तारखेला गावी या. पुण्यात राहत असाल तर कॉलेजच्या पोरांचा एखादा नवा बँड वाजवत असेल तिथं जा, मराठीत गात असेल तर आवर्जून जा. बेसूर असतील तर पुढच्या महिन्यात पुन्हा जा. भजनाला येताना पोराला बरोबर आणा आणि आईलाही. तिला कडेला बसवू नका. हलगीवाल्या दादांना आपल्या पंगतीत, आपल्या शेजारी बसवा. मोबाइल खिशात ठेवा. शेवटची एसटी लवकर जाते, पण परतीला वडाप मिळतं; नाही मिळालं तर देवळात झोपायला जागा असते. डिसेंबरात आमच्याकडं दंव फार पडतं, कानटोपी आणि पांघरूण घेऊनच निघा. भजन रात्री नऊला सुरू होतं.